योहानचा डावा कान

"हा ड्रम कुणाच्या नावावर हाय?" योहान पारधेनं विचारलं.

त्यानं लुना थेट शाळेच्या मैदानात, आमच्या रांगेच्या पुढ्यात आणून उभी केली होती. अंगावर गिरणीतलं पीठ तसंच होतं, भुवयासुद्धा पांढऱ्या झालेल्या. आम्ही नऊ जण गळ्यात पट्टे अडकवून उभे होतो आणि मोठा ड्रम बाकावर एकटाच पडला होता, कारण तो वाजवणारा माणूस मिळाला नव्हता. खरं म्हणजे मिळाला नव्हता असं नाही. मी त्याला बोलावलंच नव्हतं.

"कुणाच्याच नाही अजून," आमचा झांजवाला इमानुएल शेलार म्हणाला आणि त्यानं हळूच माझ्याकडे पाहिलं.

"योहान, यादीत तुझं नाव नाही," मी म्हणालो.

तो ड्रमचा पट्टा चाचपत राहिला. मी त्याच्या डाव्या बाजूला उभा होतो हे माझ्या लक्षात आलं. त्याच्या समोर जाऊन मी तेच वाक्य पुन्हा म्हणालो.

"मग लिही की," तो म्हणाला. "मुख्याध्यापक ना तू? तुला लिहिता येतंय."

कुणी हसलं नाही. त्यानं ड्रम उचलला, छातीवर घेतला, पट्टा खांद्यावरून पाठीमागं टाकला आणि दांडका एकदाच मारला. मैदानाच्या कडेच्या लिंबावरून साळुंक्या उडाल्या. तो आवाज आम्ही पस्तीस वर्षांनी ऐकत होतो. रांगेत माझ्या शेजारी उभ्या असलेल्या दोघातिघांचे पाय आपोआप जुळले. माझेही जुळले.

ही दोन हजार सहा सालची गोष्ट. आमच्या मोहोरवाडीच्या चर्चला त्या नोव्हेंबरात शंभर वर्षं होत होती. आमच्याकडे बाजरीची सुगी आटोपली की उपकारस्तुतीचा रविवार येतो. घराघरातून कणसं, भोपळे, शेंगा, कोंबड्या, अंडी असं जे काय देवानं पिकवलं ते बैलगाड्यांत घालून वेशीपासून चर्चपर्यंत मिरवत न्यायचं, आणि उपासना झाली की त्याचा हर्रास, म्हणजे लिलाव, करायचा. पूर्वी ह्या मिरवणुकीपुढं मिशन बोर्डिंगच्या पोरांचा बँड असे. सोळा पोरं, लाल पट्टे, पांढरे बूट. एकाहत्तर साली तो बंद पडला तो पडलाच. शंभरीचं निमित्त काढून पंचांनी ठरवलं, जुनी पोरं गोळा करायची, एकदा बँड निघू द्यायचा, आणि बँड शिकवणाऱ्या गोर्डे मास्तरांना चर्चमध्ये शाल घालायची. मी पंचांचा सेक्रेटरी. पत्रं लिहायचं काम माझ्याकडे. मी जबलपूरला पत्र पाठवलं, बडोद्याला पाठवलं. चार मैलांवर पिठाची गिरणी चालवणाऱ्या योहानला पाठवलं नाही.

का पाठवलं नाही ते कुणी विचारलं नाही. सगळ्यांना कारण माहीत होतं. एकाहत्तर साली ह्याच मैदानावर, सरावाच्या वेळी, गोर्डे मास्तरांनी आपली पितळी मुठीची काठी योहानच्या डाव्या कानावर मारली होती. तो कान कायमचा गेला. योहानच्या चुलत्यानं मिशनच्या कमिटीपुढं तक्रार केली, मास्तरांना बोर्डिंगमधून काढून डोंगरातल्या चार इयत्तांच्या शाळेवर टाकलं, आणि तिथंच त्यांची नोकरी संपली. आता त्याच मास्तरांच्या खांद्यावर शाल पडणार, आणि ज्याचा कान गेला त्यानं त्यासाठी ड्रम वाजवायचा, हे कुणाला पटलं असतं?

पहिल्या दिवशी सराव कसाबसा झाला. आमचे हात गंजले होते. योहानचा हात मात्र जसाच्या तसा होता. आम्ही चुकलो की तो थांबायचा, एका कानानं ऐकायचा आणि नेमकं बोट दाखवायचा.

"शांतवन, तू घाईत हायेस. कुठं जायचंय तुला?" तो मला म्हणाला.

"पुढं चल," मी म्हणालो.

"पुढं तर चाललोयच. मास्तर कुठं बसनार?"

"जीपमध्ये. बँडच्या पुढं. आपल्याकडे तोंड करून."

"हां," तो म्हणाला. "मंग बरंय."

सराव संपल्यावर सगळे पांगले तेव्हा त्यानं मला थांबवलं. लुनाच्या हँडलला टांगलेल्या पिशवीतून पाण्याची बाटली काढून तो सावकाश प्याला. मग म्हणाला, "उपासनेत साक्षीची वेळ असती ना? ज्याला देवाचे उपकार सांगायचेत त्यानं उठून सांगायचे?"

"असते."

"मी उठनार हाय. शाल घालायच्या आधी. म्हातारा समोर बसलेला असंल, मंडळी भरलेली असंल. मी सांगनार, ह्या मानसानं माझं काय केलं. देवानं मला काय दिलं ते समदेच सांगत्यात. मी सांगीन माझ्याकडनं काय घेतलं."

"योहान, ते एक्याऐंशी वर्षांचे आहेत."

"मी सतरा वर्षांचा होतो."

"सणाचा दिवस आहे. लोकांचा विरस होईल. मास्तरांनी भोगलंय. त्यांची नोकरी गेली, पोरीचं शिक्षण—"

"तू का एवढा तळमळतोस?" त्यानं मान किंचित वळवून उजवा कान माझ्याकडे केला. "तुझं काय गेलं त्याच्यात? तू तर त्यांचा लाडका. त्यांनीच फी भरली ना तुझ्या डीएडची?"

त्यानं लुनाला लाथ मारली आणि पिठाचा एक ढग मागं ठेवून तो निघून गेला.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी मास्तरांकडे गेलो. ते मुलीकडे राहत. प्रिस्किल्ला अंगणात शेंगा निवडत बसली होती. तिनं मला पाहून न उठताच विचारलं, "तो पारध्या आलाय म्हणं बँडात?"

"आलाय."

"कुणी घेतला त्याला? माझ्या बापाला डोंगरात घातलं त्या मानसानं. आई तिथंच गेली, दवाखाना नव्हता म्हणून. आनि आता त्याच्या ढोलावर माझा बाप मिरवायचा व्हय?"

मी आत गेलो. मास्तर खाटेवर भिंतीला टेकून बसले होते. अंगात स्वेटर, डोक्याला मफलर, आणि हात मांडीवर. त्यांना मी सगळं सांगितलं.

"बोलू दे त्याला," ते म्हणाले.

"मास्तर, तुम्ही येऊ नका. मी पंचांना सांगतो, तब्येत बरी नाही. शाल घरी आणून घालू."

"मी येनार. पस्तीस वर्षांनी माझा बँड निघतोय, आनि मी घरी बसू?"

"तो सगळ्यांसमोर तुमची अब्रू घेईल."

"घेऊ दे. घेन्यासारखी ऱ्हायलीय किती?" ते हसले. मग हसू गेलं. "तू मात्र गप ऱ्हायचं. ठरलंय आपलं. ठरलंय का नाय?"

"ठरलंय," मी म्हणालो.

बाहेर आलो तेव्हा प्रिस्किल्लानं शेंगांचं सूप बाजूला ठेवलं होतं. तिनं काहीतरी ऐकलं असावं. पण ती फक्त म्हणाली, "त्यानं तोंड उघडलं तर मी त्याच्या थोबाडात मारीन, सांगून ठेव."

शनिवारच्या सरावाला योहान आणि मी एकमेकांशी बोललो नाही. इमानुएल झांजा पुसत मला म्हणाला, "शांत्या, त्याला सांगून टाक एकदाचं." मी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं मान खाली घातली आणि पुन्हा झांजा पुसायला लागला.

रविवारी सकाळी आठ वाजता वेशीपाशी आम्ही उभे राहिलो. पांढरे शर्ट, लाल पट्टे, आणि पोटं सावरायची धडपड. मागं अकरा बैलगाड्या. पहिल्या गाडीला बाजरीच्या कणसांची कमान केली होती. बायकांनी नवी लुगडी नेसली होती, पोरांच्या हातात कोंबड्या फडफडत होत्या. पुढं उघडी जीप, तिच्यात उलट्या तोंडाची खुर्ची बांधलेली, आणि खुर्चीत मास्तर. प्रिस्किल्ला शेजारी खुर्चीची कड धरून उभी.

पाळकसाहेबांनी प्रार्थना केली. योहानचा दांडका पडला आणि आम्ही निघालो.

एक मैलाचा रस्ता. मी पहिल्या ओळीत होतो, योहान माझ्या उजव्या हाताला. त्यानं मास्तरांवरून नजर काढली नाही. ना रस्ता पाहिला, ना लोक. दांडका वर जायचा, खाली यायचा, आणि डोळे मात्र खुर्चीवर खिळलेले. मास्तरही त्याच्याचकडे पाहत होते. थोड्या वेळानं मला दिसलं की मास्तरांचं बोट खुर्चीच्या दांडीवर पडतंय, योहानच्या प्रत्येक ठोक्याबरोबर. त्यांच्या तोंडावर काय होतं ते मी कसं सांगू? माणूस चांगलं जेवण जेवताना दिसतो तसे ते दिसत होते. आणि योहानलाही ते दिसत होतं, कारण त्याचा दांडका हळूहळू जोरात पडायला लागला. इतका जोरात की माझ्या दातांना कळत होतं. लोकांना वाटलं म्हातारपणी पोरांना चेव आलाय. ते टाळ्या वाजवत होते.

"असाच बडवनार मी त्याला," योहान समोर बघत, ओठ न हलवता म्हणाला. "आज बडवनार."

चर्चच्या पायऱ्यांशी बँड थांबला. आम्ही वाद्यं व्हरांड्यात ठेवली आणि आत जाऊन पुढच्या दोन बाकांवर बसलो. वेदीपुढं कणसं, भोपळे, मधाची बाटली, कुणीतरी आणलेलं बकरू. मास्तर डाव्या बाजूला, वेगळ्या खुर्चीत. गायन झालं, वाचन झालं. मग पाळकसाहेब म्हणाले, "ज्यांना साक्ष द्यायची असेल त्यांनी थोडक्यात द्यावी."

एक बाई उठली. तिची म्हैस साप चावूनही जगली होती. ती बसली. योहाननं दोन्ही हात पुढच्या बाकावर ठेवले आणि तो उठू लागला.

मी त्याच्या आधी उठलो.

मी म्हणालो, "योहान पारधेच्या कानावर गोर्डे मास्तरांनी काठी मारली नव्हती. मी मारली होती."

मग जे झालं होतं ते मी सांगितलं, आणि आता तुम्हालाही सांगतो.

त्या सप्टेंबरात नगरच्या लष्करी छावणीतून एक बँडमास्तर आमच्या बोर्डिंगला आला होता. त्याला फौजेच्या बँडासाठी पोरगा हवा होता. त्यानं दोघांना ऐकलं, योहानला आणि मला. मी अनाथ. मिशननं वाढवलेला. अकरावी झाली की बोर्डिंग सोडायचं होतं, आणि सोडून जायचं कुठं हे मला माहीत नव्हतं. योहानला घर होतं, चुलता होता, जमीन होती. बँडमास्तरानं योहानला निवडलं. दुसऱ्या दिवशी सरावाला योहान मोठा ड्रम छातीवर घेऊन माझ्या पुढं उभा होता. तो मान मागं करून हसत म्हणाला, "शांत्या, मी गेल्यावर हा ड्रम तुला. वाजवत बस मंग हितंच, कोंबड्यांपुढं." वाईट मनानं म्हणाला नव्हता. मास्तरांची काठी भिंतीला टेकवलेली होती. ती माझ्या हातात कशी आली ते मला आठवत नाही. मारल्याचं मात्र आठवतं. पितळी मूठ कानावर बसली. तो ड्रमसकट तोंडावर पडला.

मास्तर दोन पावलांत आले आणि त्यांनी माझ्या हातातून काठी काढून घेतली. योहाननं रक्तबंबाळ तोंड वर केलं तेव्हा त्याला काठी दिसली ती मास्तरांच्या हातात. आणि मास्तर त्याला म्हणाले, "आता तरी ताल सांभाळशील का?"

मग त्यांनी आम्हा सगळ्यांकडे वळून पाहिलं. "काय पाहिलं रे तुम्ही?" त्यांनी विचारलं. पोरं गप्प. "बरोबर," ते म्हणाले.

माझं नाव आलं असतं तर मला त्याच दिवशी रस्त्यावर काढलं असतं. त्यांना काढलं. नोव्हेंबरात योहान लष्कराच्या डॉक्टरी तपासणीत नापास झाला.

एवढं सांगून मी थांबलो. चर्चमध्ये बकरूसुद्धा ओरडलं नाही.

तेवढ्यात गोर्डे मास्तर खुर्चीच्या दांड्यांवर जोर देऊन उभे राहिले. प्रिस्किल्ला त्यांना धरायला धावली, त्यांनी तिचा हात झटकला.

"साहेब," ते पाळकांना म्हणाले, "हा पोरगा खोटं बोलतोय. माझी अब्रू वाचावी म्हणून. पोर गुणाचं हाय, पन खोटं बोलतंय. काठी माझी होती. हात माझा होता. मी मारलं."

"मास्तर!" मी म्हणालो.

"खाली बस, शांतवन."

आणि मी बसलो. आज सत्तरीत आलोय, पण त्या क्षणी मी का बसलो ते मला अजून सांगता येत नाही. सोळा वर्षांचा असल्यासारखा बसलो.

मागच्या बाकांवर कुजबुज सुरू झाली. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. "गुरूसाठी बघा," कुणीतरी म्हणालं, "दोष सोताच्या अंगावर घेतला." पाळकसाहेब पुढं आले. ते म्हणाले, असा गुरू आणि असा शिष्य ह्या मंडळीत आहेत ह्याबद्दल आज देवाची उपकारस्तुती करू. आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. मास्तरांसाठीही वाजवल्या. शाल आणली गेली.

योहान बाकांच्या मधल्या वाटेनं चालत बाहेर गेला.

मी त्याच्या मागं गेलो. तो लुनापाशी उभा होता. बैल कडबा चघळत होते. मी त्याच्या उजव्या बाजूला जाऊन उभा राहिलो. वाटलं मारेल. मारावं असं वाटत होतं.

"खरं कोन बोललं?" त्यानं विचारलं.

"मी."

तो बोलला तेव्हा आवाज चढलेला नव्हता. "तुझी बायको दळान घिऊन येती गिरनीवर. रांग किती बी असू दे, तिचं दळान मी आधी काढून देतो. बोर्डिंगमधल्या दोस्ताची बायको म्हनून. येवढी वर्सं देतोय."

"मला माहीत आहे."

"तुला म्हाईत हाय." त्यानं लुनाच्या सीटवरचं पीठ तळहातानं झाडलं. "मास्तरांनी तुला वाचवलं. बरं केलं. तुला कोन नव्हतं. पन ती दया त्यांनी माझ्या कानावर केली. मला कुनी इचारलं? मी म्हनलो असतो का नको, ते मलाबी ठाव नाय. पन इचारलं का कुनी?"

"नाही."

"आनि आज तू खरं बोलला तर टाळ्या तुला. ते खोटं बोलले तर टाळ्या त्यांना. दोघंबी मोठे झालात. माझा कान कुठं गेला ह्याच्यात?"

चर्चच्या पायऱ्यांवरून इमानुएल खाली येत होता, घाईघाईनं, लाल पट्टा तसाच अंगावर. तो योहानच्या समोर येऊन उभा राहिला.

"मी पाहिलं होतं," तो म्हणाला. "शांत्यानं मारलं. मी त्याच्या शेजारीच होतो."

"मंग आत का नाय बोलला?"

"धीर झाला नाही."

त्याच्या मागोमाग जबलपूरचा आला, बडोद्याचा आला, आणखी एक आला. योहाननं एकेकाकडे बोट केलं. "तू?" "हो, पाहिलं." "तू?" "मीही." चौघं. बाकीचे आतच राहिले, शाल घालतानाचा फोटो काढायला.

"म्हंजे समद्यांना ठाव होतं," योहान म्हणाला. "येकट्या मलाच नाय."

"योहान, मला माफ—"

"नको मागू." त्यानं हात वर केला. "द्यायची नाय मला. आनि नाय म्हनायचा बी कंटाळा आलाय." त्यानं लुना सुरू केली आणि तो गेला. आतून हर्रासाची पहिली बोली ऐकू आली, भोपळ्याची.

संध्याकाळी मी मास्तरांच्या घरी गेलो. शाल खुंटीवर टांगलेली होती. मी विचारलं, "का केलंत असं?"

ते माझ्याकडे बघेनात. "चाळीस वर्षं मास्तरकी केली मी," ते म्हणाले. "पोरांना बडव बडव बडवलं. ताल चुकला की मार, बूट मळले की मार. सगळ्यांना ठाव हाय मी कसा होतो. कुनासाठी म्हनून एकच काम केलं जन्मात. ते बी तू मंडळीपुढं काढून घेतोस?"

"पण योहान—"

"त्याला कुनावर तरी राग धरायचाच होता. मला झेपत होता."

दारात प्रिस्किल्ला उभी होती. हातातली कंदिलाची काच तिनं पुसायची थांबवली होती. "बाबा," ती म्हणाली, "म्हंजे ह्याचं खरं? तुम्ही नव्हतं मारलं?"

मास्तरांनी खुंटीवरच्या शालीकडे पाहिलं.

"आई त्या डोंगरात मेली. ती ह्याच्यासाठी?"

मास्तरांनी डोळे मिटून घेतले. प्रिस्किल्लानं माझ्याकडे पाहिलं आणि दार दाखवलं. "नीघ," ती म्हणाली. "पुन्हा ह्या घरात येऊ नको." मी गेलो नाही पुन्हा. मास्तर फेब्रुवारीत गेले, तेव्हासुद्धा मी कबरस्तानच्या फाटकाबाहेर उभा राहिलो.

पंचांना मी राजीनामा दिला. त्यांनी तो घेतला नाही, उलट माझं कौतुक केलं. मी जाणं बंद केलं तेव्हा त्यांनी घेतला. ज्याला त्याला मी सांगत राहिलो की त्या दिवशी मी खरं बोललो होतो. लोक माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणत, "राहू द्या सर, कळतं आम्हाला." कुणालाच काही कळत नव्हतं.

दोन वर्षांनी माझ्या मोठ्या मुलाचं लग्न झालं. पत्रिका द्यायला मी स्वतः योहानच्या गिरणीवर गेलो. गिरणी चालू होती. त्यानं पत्रिका घेतली, वाचली नाही, पिठाच्या डब्यावर ठेवली. मला वाटलं नव्हतं येईल.

आला. धुतलेला पांढरा शर्ट, केसांना तेल. पंगतीत बसला तो नेमका माझ्या व्याह्यांच्या शेजारी. व्याही संगमनेरचे, निवृत्त तहसीलदार, बोलण्याचालण्यात मोठे अदबशीर. मी जिलेबीची परात घेऊन वाढत वाढत त्यांच्यापर्यंत आलो.

"तुम्ही मुलाकडचे?" व्याह्यांनी योहानला विचारलं.

"व्हय," योहान म्हणाला. "ह्याचा बोर्डिंगमधला दोस्त. ह्यानंच माझा डावा कान फोडला."

व्याही हसले. आजूबाजूचे चारजण हसले. माझी बायको पलीकडून बघत होती. मुलगा नवरीसोबत फोटो काढून घेत होता. मी परात खाली ठेवली.

"हो," मी म्हणालो. "मीच फोडला."

"अहो, मित्रामित्रांत व्हायचंच लहानपणी," व्याही म्हणाले.

"लहानपणी नाही. मी सोळा वर्षांचा होतो. पितळी मुठीची काठी मागून मारली. ह्याला फौजेत घेतलं होतं आणि मला घेतलं नव्हतं म्हणून. मग पस्तीस वर्षं मी ते दुसऱ्याच्या नावावर राहू दिलं."

पंगतीतलं हसू थांबलं. व्याह्यांचा घास हातातच राहिला. माझ्या बायकोनं तोंडाला पदर लावला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कुणी खांद्यावर हात ठेवला नाही. व्याह्यांनी आपली पत्रावळ दोन बोटं सरकवून माझ्यापासून दूर नेली.

योहान माझ्याकडे बघत राहिला. मग त्यानं आपली पत्रावळ पुढं केली.

"आता वाढ," तो म्हणाला.